कम्युनिटी कॉलेजमधले ते २४ क्रेडिट : ठेवायचे की कमी करायचे?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कम्युनिटी कॉलेजात मी शिकवते. वर्कशॉपमधलं नाही, मुलं ज्याला 'जनरल' म्हणतात ते विषय: व्यावहारिक गणित, मराठी आणि इंग्रजी लेखन-संवाद, थोडा संगणक. प्रवेशाच्या दिवसांत पालक हटकून विचारतात, "मॅडम, पोरगं हाताचं काम शिकायला आलंय, मग भाषा-गणित परत कशाला?" यंदा मुलांनीच अर्ज दिलाय की जनरलचे तास कमी करा आणि ते वर्कशॉपला द्या. विभागाच्या बैठकीत त्यावर चर्चा होणार आहे, म्हणून हा धागा.

रचना थोडक्यात सांगते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) कम्युनिटी कॉलेजची योजना २०१३-१४ सालची. डिसेंबर २०१३ मध्येच केंद्र सरकारचा कौशल्य अर्हता आराखडा (एनएसक्यूएफ) आला आणि पाठोपाठ बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन) ही कौशल्यावर आधारलेली पदवी. वर्षाला ६० क्रेडिट, त्यातले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. एक क्रेडिट म्हणजे १५ तासिका, म्हणजे जनरलचे वर्षाला ३६० तास. वर्षभर केलं की पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, बी.व्होक.ला तिसऱ्या वर्षी पदवी. मधेच घरची अडचण आली आणि थांबावं लागलं तरी तोवरच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र हातात राहतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एनएसक्यूएफमधल्या पातळ्यांचे आकडे आणि वाटणी ठिकठिकाणी बदलतेय, पण ही दोन अंगं अजून तशीच आहेत.

या ३६० तासांतला एकही तास जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या वाटण्यावर बैठक ऐकणार नाही. तुमच्यापैकी जे वर्कशॉप, दवाखाना, शेती, दुकान सांभाळतात त्यांनी सांगा: हातातलं काम पक्कं येत असूनही तुम्ही किंवा तुमची माणसं कुठं अडलात? प्रत्यक्षातली उदाहरणं द्या, ती मी बैठकीत मांडणार आहे.

---

पेठेतला

वाचतोय. चांगला विषय.

---

कुपवाडचा_टर्नर

ताई, मी आयटीआय टर्नर. कुपवाड एमआयडीसीत आधी दुसऱ्याकडं नोकरी केली, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तुम्हाला टेपरचं, म्हणजे एका टोकाकडं निमुळत्या होत जाणाऱ्या जॉबचं, उदाहरण देतो.

समजा जॉबचा मोठा व्यास ४० मिमी, लहान ३० मिमी आणि टेपरची लांबी ५० मिमी. लेथचा कंपाउंड रेस्ट (टूल धरणारा, फिरवता येणारा भाग) किती अंशात फिरवायचा? व्यासातला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीनं म्हणजे १०० नं भागायचं. टॅन आला ०.१, कोन झाला ५ अंश ४३ मिनिटं. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचं यात काहीच नाही. पण माझ्याकडं ट्रायलला येणाऱ्या पोरांना ड्रॉइंग हातात दिलं की निम्मी इथंच थांबतात. मशिन चालवायला सगळ्यांना येतं. मशिन लावून देणारा वेगळा असतो आणि त्याचा पगारही वेगळा असतो.

दुसरं कोटेशन. पोलादाच्या गोल बारचं एक मीटरचं वजन काढायचं तर मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ५० मिमीचा बार घेतला तर २५०० भागिले १६२, साधारण १५.४ किलो. त्यावर मटेरियलचा दर, मशिनचे तास, टूलची झीज, वाहतूक, निघणाऱ्या चुऱ्याचे परत येणारे पैसे. हा हिशेब ज्याला कागदावर मांडता येत नाही तो शेजारच्यानं दिलेल्या दरापेक्षा दोन रुपये कमी लावतो आणि वर्षाच्या शेवटी पैसा कुठं गेला ते त्याला कळत नाही. चांगल्या कारागिरांचे धंदे असे बुडालेले मी बघितलेत.

तिसरं इंग्रजीचं. ओळखीच्या एका वर्कशॉपला गिऱ्हाईकानं सुधारित ड्रॉइंग मेलनं पाठवलं होतं. एका भोकाचा टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) बदलला होता आणि मेलमध्ये दोन ओळीत तसं लिहिलं होतं. मेल उघडला, पण वाचून समजून कुणी घेतला नाही. सगळा लॉट परत आला. तिथल्या माणसांच्या हातात काहीच कमी नव्हतं.

वर्कशॉपचे तास वाढवायचे तर खुशाल वाढवा, ते कमीच पडतात. पण हे काढून नको.

---

कोरेगावकर

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

मी स्वतः असा कोर्स पूर्ण केलाय, कॉलेजचं नाव घेत नाही. जनरलच्या तासाला आम्ही काय केलं? बी.ए.च्या पुस्तकातले उतारे, पर्यावरणाच्या नोट्स फळ्यावरून वहीत. संवादकौशल्य नावाच्या विषयात वर्षभर एकाही मुलाला उभं राहून बोलायला लावलं नाही. शिकवणारे तासिका तत्त्वावर, सहामाही बदलली की माणूस बदलला. त्यांचाही दोष नाही, त्यांना तासाचे पैसे आणि तेही उशिरा. आणि तिकडं वर्कशॉपला एका मशिनभोवती बारा-पंधरा पोरं. अशा वेळी मुलं म्हणणारच की तो तास इकडं द्या.

इंटर्नशिपला एका कंपनीत पाठवलं, तिथं पॅकिंगला बसवलं. परत आल्यावर त्याचेही क्रेडिट मिळाले. कागदावर ६०-४० दिसायला छान दिसतं. असे ३६० तास असण्यापेक्षा नसलेले बरे, हे माझं अनुभवाचं मत आहे.

---

कृष्णाकाठची

@कोरेगावकर, राग कशाचा. तुम्ही लिहिलंय ते अनेक ठिकाणी तसंच आहे आणि हा तास वाचवायचा असेल तर आधी हे मान्य करावं लागेल. बी.ए.चा पेपर उचलून तिथं ठेवला की तो वायाच जातो. मी स्वतः तासिका तत्त्वावर काम केलंय, ते काय असतं मला ठाऊक आहे.

माझ्या वर्गात सध्या असं चालतं. निबंध लिहायला लावत नाही. मुलं जॉब कार्ड भरतात, दुरुस्तीला आलेल्या मोटरचा अहवाल लिहितात, माल उशिरा पोचणार असेल तर गिऱ्हाईकाला काय लिहायचं ते मराठीतही लिहितात आणि इंग्रजीतही. गणितात शेकडेवारी, गुणोत्तर, क्षेत्रफळ-घनफळ, व्याज. इलेक्ट्रिकलच्या मुलांना घरमालकाशी बोलायचा सराव देते: अर्थिंग का लागतं, स्वस्तातली वायर का नको, हे न चिडता समजावून सांगायचं. हा भाग त्यांना सगळ्यात अवघड जातो आणि सगळ्यात आवडतोही.

वर्कशॉपचे सर आणि मी आठवड्याचं नियोजन एकत्र करतो. त्यांनी ज्या आठवड्यात वर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढला त्याच आठवड्यात माझ्याकडं दशांश अपूर्णांक. यासाठी वेगळा निधी लागत नाही. दोघांनी एका टेबलावर बसावं लागतं, एवढंच.

---

बेदाणा_शेड

ताई, तासगावकडनं लिहितोय. आमच्या शेडवर दरवर्षी हंगामात पोरं असतात. त्यातला एक फूड प्रोसेसिंगची पदविका करून आलेला, त्याच्यामुळं मला यातला फरक कळला.

बेदाण्याला द्राक्ष बुडवायचं द्रावण करताना १०० लिटर पाण्याला साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल लागतं. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण टाकीत ६५ लिटर उरलंय, त्यात नवीन पाणी घालून १५० करायचंय, तर किती टाकायचं? जुनी माणसं अंदाजानं टाकतात. आयुष्यभराचा अनुभव असतो, त्यांचं चालून जातं. नव्या पोराचा अंदाज चुकला की सगळ्या रॅकचा रंग बिघडतो. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो, म्हणजे बिघडलेल्या एका किलोमागं चार किलो द्राक्ष, त्यावरची छाटणी, औषधं, मजुरी सगळं गेलं. आणि सौद्यात रंगावरच दर ठरतो.

तो पोरगा काय करायचा, भिंतीला एक तक्ता लावला होता. किती लिटरला किती, स्वतः काढलेला. खाली तारीख, बॅच, किती वेळ बुडवलं, हवा कशी होती. शेडवरच्या बायकांना तो वाचता येईल असं मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं होतं. आता हे कौशल्यात धरायचं की जनरलमध्ये? मला तरी वेगळं काढता येत नाही.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचणं हा अजून एक मुद्दा. फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा ते त्यावर बारीक अक्षरात असतं. निर्यातीचा माल तपासणीत नापास झाला की सगळं तिथंच संपतं. दुकानदार सांगेल त्यावर विसंबून राहणारे अजून बरेच आहेत आमच्याकडं.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव आपल्या पाकिटावर रीतसर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज, पुरावे, नोंदी सगळं लिहून द्यायचं. हळद शिजवून, पॉलिश करून, दळून उत्तम देणारी माणसं या कागदापाशी अडतात. त्या कागदाचं काम दुसऱ्याकडून करून घेतात, आणि पुढं नफ्यातला वाटाही त्याच्याकडं जातो. तुमच्या ३६० तासांत असे दोन-तीन अर्ज खरेखुरे भरून घ्या.

---

पेठेतला

बेदाणा_शेड काका, तक्त्याची गोष्ट फार आवडली.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितो आहे. निवृत्त शिक्षक आहे.

या चर्चेत कर्मवीर अण्णांचं नाव यायला हवं. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली ती साताऱ्याला आली, आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. 'कमवा आणि शिका' ही योजना आपल्या जिल्ह्यानं दिलेली आहे. मुलं शेतात राबायची, अंगमेहनतीची कामं करायची आणि त्याच हातांनी पुस्तक धरायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर याच वाटेनं आला.

अर्थात एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. तिथं श्रम हे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होते आणि श्रमाची लाज जावी यासाठीही होते. शिकण्याचा विषय बहुधा वेगळाच असायचा. कम्युनिटी कॉलेजात श्रम हाच अभ्यासाचा विषय आहे, तिथं मार्क आहेत, क्रेडिट आहेत. म्हणून अण्णांचं नाव घेऊन आपण मोकळं होऊ नये. त्यांनी शेताच्या बांधावरच्या पोराला कॉलेजात आणलं. त्या पोराला वेल्डिंग शिकवायचं असेल तर गणित आणि भाषा काढून घ्या, असं त्यांच्याच जिल्ह्यात कुणी म्हणू लागलं तर मला ते सहन होणार नाही. श्रीमंताच्या मुलाला सगळं शिकवायचं आणि गरिबाच्या मुलाला 'कामापुरतं' शिकवायचं, ही विभागणी अशीच मागच्या दारानं येते.

---

कोरेगावकर

सर, शेवटचं वाक्य पटलं. ही बाजू मी अशी बघितली नव्हती. तरी माझा मुद्दा राहतोच, वाईट शिकवणार असाल तर गरिबाच्याच पोराचे ३६० तास जातात.

---

मिरज_जंक्शन

मिरजेत रुग्णसेवा सहायकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. बहुतेक मुली आजूबाजूच्या खेड्यांतल्या, बारावी झालेल्या, काहींची लग्नं झालेली.

आमच्याकडं पहिल्या महिन्यातच कळतं की हाताला काम बसायला फार वेळ लागत नाही. पलंगावर रुग्ण असताना चादर बदलणं, कूस वळवणं, स्पंज देणं हे मुली पटकन शिकतात. अडतं ते नोंदीला. रुग्णाच्या पोटात किती मिली गेलं, लघवी किती झाली, उलटी किती, हे २४ तासांचं लिहायचं आणि बेरीज करायची. पेला भरून पाणी दिलं असं लिहून चालत नाही, पेला किती मिलीचा ते माहीत पाहिजे. किडनीच्या, हृदयाच्या रुग्णाला औषध किती द्यायचं ते डॉक्टर या आकड्यांवर बघून ठरवतात. पाळी बदलताना पुढच्या मुलीला तोंडी सांगायचं असतं, तेही नेमकं. "बरे आहेत" याला काही अर्थ नसतो.

आणि एक सूचना, जी फक्त आपल्याच भागात कुणी करेल. मिरजेला उपचारासाठी बेळगाव, विजापूर, अथणीकडचे रुग्ण वर्षानुवर्षं येतात. त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना कन्नडशिवाय येत नाही. कुठं दुखतंय, जेवलात का, संडासला झालं का, घाबरू नका, एवढं जरी कन्नडमध्ये बोलता आलं तरी त्या आजीचा चेहरा बदलतो. सीमेवरच्या गावांतल्या मुलींना ते येतं, त्यांना वॉर्डात मागणी असते. इंग्रजी असू दे, पण कामापुरती कन्नड जनरलच्या तासांत ठेवता आली तर ठेवा. नियमात बसतं का बघा.

---

कृष्णाकाठची

कन्नडचा विचार आमच्या कुणाच्या मनातच आला नव्हता. सामान्य शिक्षणाच्या भागात भाषा आहेच, त्यामुळं अभ्यास मंडळाकडं प्रस्ताव नेता येईल. नेणार.

---

पालक_विटा

मॅडम, मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली. तिला फूड प्रोसेसिंगचं बी.व्होक. करायचंय. घरात सगळे म्हणतात साधं बी.ए. कर, एमपीएससी देता येईल. बी.व्होक.वर स्पर्धा परीक्षा देता येते का? आणि कॉलेज चांगलं आहे हे आम्ही कसं ओळखायचं? आम्ही दोघं फार शिकलेले नाही.

---

कृष्णाकाठची

दादा, बी.व्होक. ही यूजीसी कायद्याच्या कलम २२ खाली मान्य असलेली पदवी आहे. जिथं 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असते तिथं ती चालते. पण एखाद्या पदाला ठरावीक विषयाची पदवी मागितली असेल तर ती जाहिरात नीट वाचावी लागेल. एम.ए., एम.एस्सी.ला जायचं असेल तर प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. आर्ट्सच्या मुलीला त्या विशिष्ट कोर्सला प्रवेश आहे का, तेही माहितीपत्रकात बघा. फूडच्या काही कोर्सला सायन्स मागतात.

कॉलेजला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या आणि वर्कशॉप, प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. कुलूप असेल तर किल्ली येईपर्यंत थांबा. पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार ते लेखी विचारा, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी ते कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ असेल, काही कॉलेजं स्वायत्त आहेत. यंदाच्या वर्षाची मान्यता आहे का, तेही विचारा. क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत (मिळवलेले क्रेडिट साठवायचं मुलांचं ऑनलाइन खातं) जमा होतात का, मागच्या तुकडीतल्या मुली आता कुठं काम करतात, इंटर्नशिपला कुठल्या कारखान्यात पाठवलं आणि तिथं नेमकं काय करायला दिलं. कोरेगावकरांनी सांगितलेलं पॅकिंगचं लक्षात ठेवा. मागच्या तुकडीतल्या दोघी-तिघींशी मुलीला स्वतः फोनवर बोलू द्या. यापेक्षा चांगली चौकशी नाही.

आणि तिला करायचंय हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत, त्याला वजन द्या.

---

वारणेचं_पोर

सध्या अमेरिकेत असतो, मूळ शिराळा तालुक्यातला. इथं कम्युनिटी कॉलेज हा फार जुना प्रकार आहे. शिकागोजवळचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. एकाच आवारात वेल्डिंग, नर्सिंग, गाड्यांची दुरुस्ती आणि शेजारी इंग्रजी, बीजगणित, इतिहास. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साधारण ६० क्रेडिट लागतात. संध्याकाळच्या वर्गात नोकरी करून आलेली पन्नाशीची माणसंही असतात.

इथं जनरलच्या विषयांना मुलं जपतात त्याचं कारण सरळ आहे. तेच क्रेडिट पुढं चार वर्षांच्या विद्यापीठात चालतात. फी कमी असलेल्या कॉलेजात पहिली दोन वर्षं काढायची आणि मग तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. बदली करताना काही क्रेडिट गळतात, त्याबद्दल इथंही तक्रारी असतातच. पण वाट आहे. आपल्याकडं पदविका झालेल्या मुलाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बसता आलं तर हेच तास कुणी कमी करा म्हणणार नाही. अॅकॅडमिक बँक त्यासाठीच आणली आहे ना? मग बैठकीत तोही विषय घ्या.

---

कृष्णाकाठची

हो, बँक २०२१ पासून आहे. खातं उघडून क्रेडिट जमा करणं आता होतं. दुसऱ्या कॉलेजनं ते स्वीकारून प्रवेश देणं, तिथं घोडं अडतं. हा मुद्दा घेते.

---

कोरेगावकर

मग माझी सूचना लिहून घ्या. परीक्षा बदला. तीन तासांचा लेखी पेपर राहिला तर शिकवणारा कितीही चांगला असो, मुलं शेवटी गाइडच वाचणार. त्याऐवजी वर्षभरात केलेली कोटेशनं, अहवाल, पत्रं, तक्ते यांची फाइल आणि दहा मिनिटं बोलणं, त्यावर मार्क. अंतर्गत गुणांत तरी एवढं करता येईल. माझ्या वेळी अशी फाइल असती तर नोकरीच्या मुलाखतीला मी तीच घेऊन गेलो असतो.

आणि संध्याकाळची तुकडी काढा. माझ्यासारखे कामावर असलेले कितीतरी आहेत ज्यांना फक्त हा जनरलचा भाग परत करायचा आहे.

---

कुपवाडचा_टर्नर

कोरेगावकर, हे बरोबर बोललात. फाइल घेऊन आलेल्या पोराची मी ट्रायल आधी घेईन.

ताई, शनिवारी आमच्याकडं वीज नसते, वर्कशॉप बंद असतं. कोटेशन कसं काढायचं ते मी येऊन मुलांना शिकवतो. मानधनाचं काही नको. फळ्यावर लिहायची सवय नाही, पण जॉब हातात घेऊन सगळं सांगीन.

---

कृष्णाकाठची

दादा, जरूर या. या शनिवारी परीक्षा आहे, पुढच्या शनिवारी सकाळी अकराला ठेवते. येताना तुमची जुनी कोटेशनं आणा, गिऱ्हाईकांची नावं झाकून. मंजूर झालेली आणा आणि हातातून गेलेलीही आणा. मुलांनी दोन्ही शेजारी ठेवून बघू देत. वर्कशॉपच्या सरांना मी थांबायला सांगते.

मिरजेच्या ताई, कन्नडसाठी साधारण कुठली वाक्यं लागतात त्याची यादी पाठवाल का? बैठक सोमवारी आहे, त्याआधी मिळाली तर प्रस्तावाला जोडते.

---

मिरज_जंक्शन

उद्या रात्रपाळीच्या मुलींना विचारून पाठवते. देवनागरीत उच्चार लिहिते, शेजारी अर्थ.